राजापूरची पेठ



एखाद्या गांवचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण बहुधा तेथील किल्ला, देऊळ किंवा लढाई यांकडे वळतों. बाजारपेठेकडे सहसा कोणी वळत नाहीं. पेठ ही रोजची जागा. मीठमिरची घ्यावी, भाव करावा आणि पिशवी भरून घरीं यावें, एवढाच आपला तिच्याशीं संबंध. परंतु गांव कां वसलें, कां भरभराटलें आणि कां ओसरलें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां पेठेंतच सांपडतात. आज अशाच एका लहान गांवच्या पेठेची हकीकत आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तें गांव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील राजापूर.

प्रथम नांवाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. शिवकालाच्या इतिहासांत दंडा-राजापुरी हें नांव वारंवार येतें. तें जंजिऱ्याजवळचें, सिद्दीच्या मुलखांतलें ठिकाण होय. आपलें राजापूर तें नव्हे. आपलें राजापूर रत्नागिरीच्या दक्षिणेस, खाडीच्या वाटेनें समुद्रापासून सुमारें २४ किलोमीटर आंत, अर्जुना नदीच्या कांठीं वसलें आहे. कोदवली नदी येथेंच अर्जुनेस येऊन मिळते. पश्चिमेस खाडीच्या मुखाशीं जैतापूर, आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत व तींतून कोल्हापूरकडे चढणारी अणुस्कुऱ्याची वाट. या दोन टोकांच्या मध्यें पेठ उभी राहिली.

बंदर समुद्रकांठीं न राहतां इतकें आंत कां आलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर साधें आहे. मोठ्या मचव्यांत जेवढा माल मावतो तेवढा डोंगर चढवून न्यावयाचा तर शंभराहून अधिक बैल लागतात, कारण एका बैलाच्या पाठीवर दोनतीन मणांपेक्षां अधिक ओझें घालतां येत नाहीं. होडीस मात्र वैरण लागत नाहीं. भरतीचें पाणी दिवसांतून दोन वेळां तिला फुकट आंत आणून सोडतें. तेव्हां भरती जेथपर्यंत चढते तेथपर्यंत माल पाण्यानें आणावा आणि तेथून पुढें बैलाच्या पाठीवर लादावा, हाच व्यापाऱ्याचा हिशेब. राजापूर हें बरोबर त्या सांध्यावर आहे. होडी जेथें थांबते आणि बैल जेथून निघतो, अशी ही जागा.

सांधा आला म्हणजे माणसें आलीं. उतरलेला माल लागलाच वर जात नाहीं. तो ठेवावयास वखारी पाहिजेत. घाटावरून आलेल्या तांड्यास उतरावयास तळ, बैलांस पाणी, नालास लोहार आणि गोणी शिवावयास कारागीर पाहिजे. कोंकणचा व्यापारी आणि देशावरचा व्यापारी यांची एकमेकांशीं ओळख असेलच असें नाहीं. म्हणून दलाल हवा. एवढी रोकड घाटांतून नेणें धोक्याचें; म्हणून हुंडी लिहिणारा सराफ हवा. असे एकएक धंदे धक्क्यापासून वर चढत गेले आणि त्यांचीच पेठ झाली. खालून वर जावयाचें तें मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी, काथ्या आणि खजूर. वरून खालीं यावयाचें तें धान्य, गूळ, मिरची, तंबाखू, तूप आणि कापूस. यांतलें मीठ सर्वांत महत्त्वाचें, कारण घाटावर तें पिकत नाहीं आणि त्याच्यावांचून कोणाचें चालत नाहीं. त्या काळच्या राज्यकर्त्यांसही हें ठाऊक होतें. स्वस्त बारदेशी मिठामुळें स्वराज्यांतील बंदरांचा व्यापार बसूं नये, यासाठीं बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा हुकूम शिवाजीमहाराजांनीं १६७१ सालीं कुडाळच्या सुभेदारास धाडला होता.

विजापूरच्या आदिलशाहींत राजापूर हें कोंकणांतील एक प्रमुख बंदर होतें. अरबस्तानांतून व्यापारी येत, आणि मिरीं, वेलदोडे व तलम कापड येथून बाहेर जाई. हा व्यापार पाहूनच इंग्रजांनीं १६४९ सालीं येथें आपली वखार घातली. पुढें फ्रेंचांनींही घातली. वखार या शब्दानें केवळ कोठार समजूं नये. तेथें परदेशी व्यापाऱ्यांचीं घरें असत, हिशेबाची कचेरी असे आणि प्रसंगीं दारूगोळाही असे. या दारूगोळ्यानेंच राजापूरच्या पेठेवर पहिलें मोठें संकट आणिलें.

१६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला आणि शिवाजीमहाराज आंत अडकले. त्या वेळीं राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा आपल्या कांहीं लोकांसह तोफा व गोळे घेऊन पन्हाळ्याखालीं गेला, आणि इंग्रजांचें निशाण उभारून त्यानें गडावर मारा केला. व्यापाऱ्यानें तराजू सोडून तोफेस बत्ती दिली, ती अशी. वेढ्यांतून सुटल्यावर महाराजांनीं त्याचा जाब मागितला. १६६१ च्या मार्च महिन्यांत मराठी फौज राजापुरांत उतरली. इंग्रजांची वखार लुटली गेली, आणि रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद होऊन गडावर गेले. त्यांपैकीं जे जगले त्यांची सुटका १६६३ सालीं झाली.

परंतु नुकसानीच्या भरपाईचा तंटा तेवढ्यानें मिटला नाहीं. तो पुढें तेरा वर्षें चालला. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्या प्रसंगीं जो तह ठरला त्यांत राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन इंग्रजांस द्यावेत असें कलम होतें. वखार पुनः उघडली, पण ती फार वर्षें टिकली नाहीं. एका लहान गांवच्या पेठेचा प्रश्न राज्याभिषेकाच्या वाटाघाटींत यावा, यावरून त्या पेठेचें तत्कालीन वजन ध्यानांत येईल. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. राजापुरावर जें संकट आलें त्याचें कारण राजापुरांत घडलें नव्हतें. तें पन्हाळ्यावर घडलें होतें. या पेठेचें बरेंवाईट नेहमीं दुसरीकडेच ठरत आलें आहे. पुढील हकीकतींत आपणांस हेंच पुनः पुनः दिसेल.

१७१३ सालीं राजापूर आंग्र्यांकडे गेलें. १७५६ सालीं तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाला तेव्हां तें पेशव्यांकडे आलें, आणि १८१८ सालीं इंग्रजी अमलाखालीं गेलें. इतकीं राज्यें बदललीं, पण पेठ मोडली नाहीं. राज्य कोणाचेंही असो, घाटावर मीठ लागणारच आणि कोंकणांत धान्य लागणारच.

या पेठेचें सर्वांत स्पष्ट चित्र १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी गॅझेटियरांत सांपडतें. कोंकणांतील शहरांत सर्वांत जुनें दिसणारें आणि सर्वांत चांगल्या रीतीनें टिकून राहिलेलें शहर तें हेंच, अशा अर्थाचें वर्णन त्यांत आहे. रस्ते अरुंद आणि चढउताराचे. बाजार फरसबंद आणि वरून छप्पर घातलेला. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो तेथें हें छप्पर केवळ शोभेचें नव्हतें. गिऱ्हाईक आणि गोणी या दोहोंस कोरडें ठेवणारी ती व्यवस्था होती. इंग्रजांच्या जुन्या दगडी वखारींत त्या वेळीं सरकारी कचेरी भरत असे.

त्या काळच्या पेठेचें वर्षही पावसानेंच आंखलेलें होतें. आगोट जवळ आली कीं गलबतें किनाऱ्यास ओढून शाकारीत आणि समुद्र बंद होई. मग नारळी पौर्णिमेपर्यंत बाहेरचा माल येण्याची आशा नाहीं. म्हणून वैशाख-ज्येष्ठांत खेड्यापाड्यांतील माणूस पेठेंत उतरे तो चार महिन्यांची बेगमी करण्यासाठीं. तांदूळ, मीठ, मिरची, गूळ, सुकी मासळी, तेल आणि घोंगड्या अशी ती खरेदी असे. हातीं रोख पैसा थोडा. म्हणून दुकानदाराच्या वहींत नांव लागे आणि भात झाल्यावर तें फिटे. पेठ आणि खेडें यांचें नातें अशा रीतीनें एका पावसाळ्याच्या उधारीवर बांधलेलें होतें.

परंतु त्याच गॅझेटियरांत एक गोष्ट नोंदलेली आहे, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासांत ती अत्यंत महत्त्वाची आहे. अरबी गलबतें ज्या बंदराशीं अद्याप थेट व्यापार करितात असें जिल्ह्यांतील तें एकच बंदर. मात्र जरा मोठें जहाज जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आंत येऊं शकत नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. धक्का होता, वखारी होत्या, व्यापारी होते. पण पाणी खोल राहिलें नव्हतें. नदींत गाळ भरला होता.

हा गाळ कोठून आला? तो डोंगरांतून आला. अर्जुना आणि कोदवली या नद्या सह्याद्रीच्या पायथ्याकडून धांवत येतात. डोंगर झाडांनीं झांकलेला असेल तर पाऊस पानांवर पडतो, पाचोळ्यांत मुरतो आणि हळूहळू ओढ्यास मिळतो. झाडें गेलीं कीं तोच पाऊस उघड्या मातीवर कोसळतो आणि माती घेऊन नदींत उतरतो. गलबतांसाठीं झाडें तुटलीं, सरपणासाठीं आणि कोळशासाठीं तुटलीं. वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकविण्यासाठीं उतार मोकळे झाले. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. ज्यानें त्यानें आपली चूल पेटविली आणि आपलें शेत नांगरलें. पण त्या प्रत्येक उतारावरची थोडथोडी माती शेवटीं राजापूरच्या धक्क्यापाशीं येऊन बसली.

खाडी अशी उथळ होत असतां व्यापाराच्या वाटाही फिरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुंभार्ली, आंबा आणि फोंडा या घाटांतून गाडीरस्ते झाले. गाडीरस्ता झाला कीं एका बैलजोडीस पाठीवरच्या ओझ्याच्या कितीतरी पट माल ओढतां येतो. अणुस्कुऱ्याची वाट मात्र पाठीवरच्या ओझ्याचीच राहिली. तेथें मोटाररस्ता होण्यास पुढें शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १८९१ सालीं आगगाडी कोल्हापुरास पोंचली. तेव्हांपासून देशावरच्या गुळास आणि तंबाखूस मुंबईला जावयास कोंकणांत उतरण्याचें कारणच उरलें नाहीं. ज्या सांध्यावर राजापूर उभें होतें त्याच्या दोन्ही बाजू अशा सुटल्या. पश्चिमेकडे गलबत अडलें आणि पूर्वेकडे बैल वळला.

येथें पेठ संपावयास हवी होती. दाभोळ, चौल यांसारख्या नामांकित बंदरांचें वैभव असेंच ओसरलें. राजापूरची पेठ संपली नाहीं, याचें कारण असें कीं तिनें आपला धंदा बदलला. पूर्वी ती देश आणि समुद्र यांच्या मधली पेठ होती. आतां ती तालुक्याच्या खेड्यांची पेठ झाली. घाऊक व्यापार गेला, किरकोळ वाढला. तालुक्याचें ठाणें येथेंच असल्यामुळें कचेरीच्या कामास आलेला माणूस बाजार करूनच परते. गांवाजवळच उन्हाळ्याचे उष्णोदकाचे झरे आणि प्रसिद्ध गंगा आहे. ही गंगा नेहमीं वाहत नाहीं. साधारणपणें कांहीं वर्षांच्या अंतरानें एकाएकीं प्रकट होते आणि कांहीं काळानें अंतर्धान पावते. ती आली कीं दूरदूरचे यात्रेकरू येतात आणि पेठेस चार पैसे मिळतात.

शिवाय मुंबई होती. गिरण्या निघाल्या, गोदी वाढली, आणि कोंकणांतला तरणा माणूस चाकरीसाठीं मुंबईस गेला. आगबोट जैतापुराजवळ लागे आणि तेथून लहान होड्या भरतीबरोबर उतारूंस राजापुराकडे आणीत. मुंबईहून येणारी मनिऑर्डर खेड्यांत पोंचे, आणि खेड्यांतून ती पेठेंत येई. ज्या वहींत पूर्वी भाताच्या हंगामाची वाट पाहिली जाई, त्याच वहींत आतां टपालवाल्याची वाट पाहिली जाऊं लागली. गणपतीस आणि शिमग्यास चाकरमानी गांवीं येतो तेव्हां या पेठेंत उभें राहावयास जागा नसते. आगबोटी पुढें बंद पडल्या. मुंबई-गोवा महामार्ग गांवावरून गेला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, तिचें राजापूर रोड स्थानक मात्र शहरापासून बरेंच दूर राहिलें. तरीही पेठ उभी आहे. दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या या गांवांतील दुकानांवर सबंध तालुक्यांतील खेडीं अवलंबून आहेत.

आतां त्या गाळाकडे पुनः वळूं. व्यापार बदलला तरी नदी बदलली नाहीं. ती भरतच राहिली. ज्या गाळानें गलबतांस अडविलें तोच आतां पुराच्या पाण्यास अडवितो. नदीचें पात्र उथळ झालें म्हणजे थोड्या पाण्यानेंही तें भरतें. सह्याद्रीवर पाऊस कोसळत असतां इकडे खाडींत भरती असली तर पाण्यास पुढें वाट मिळत नाहीं; तें मागें फुगतें आणि जवाहर चौकांत शिरतें. हें दर दहा-वीस वर्षांनीं एखादे वेळीं घडतें असें नाहीं. चौकांत पाणी येणें ही राजापूरकरांस पावसाळ्यांतली परिचयाची गोष्ट झाली आहे. इशारा मिळतांच दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवितात, फळ्या लावितात आणि पाणी उतरण्याची वाट पाहतात. पाणी उतरलें कीं चिखल उपसावा, भिजलेलें वेगळें काढावें आणि पुनः दुकान मांडावें. २०२१ च्या जुलैंत कोंकणांत जो महापूर आला त्यांत चिपळुणाचा आकांत साऱ्या देशानें पाहिला. राजापूरची पेठही त्या वेळीं पाण्याखालीं होती.

अशा वेळीं एक सूचना सहज पुढें येते. पेठ उचलून वर महामार्गाकडे न्यावी, म्हणजे प्रश्न सुटला. कांहीं धंदे आपण होऊन तिकडे जातही आहेत. परंतु पेठ म्हणजे केवळ दुकानांच्या रांगा नव्हेत. मासळीवाली, तिच्या शेजारचा भाजीवाला, समोरचा वाणी, पलीकडचा सोनार आणि कोपऱ्यावरचा शिंपी यांस एकमेकांच्या गिऱ्हाइकाचा आधार असतो. खेड्यांतून पहाटेच्या एस. टी. नें आलेल्या बाईस दुपारच्या गाडीपर्यंत चार कामें उरकावयाचीं असतात. तीं एकाच हांकेच्या अंतरांत उरकतात म्हणून ती येथें येते. ज्याच्यापाशीं भांडवल आहे तो वर जागा घेईल. ज्याचा संसार टोपलीवर चालतो तो मागें पाण्यांत राहील. शिवाय हिंदु आणि मुसलमान, कोंकणी आणि घाटी, असे व्यापारी पिढ्यान् पिढ्या जेथें एकमेकांच्या शब्दावर व्यवहार करीत आले, ती ओळख नव्या ठिकाणीं गाडींत घालून नेतां येत नाहीं.

दुसरी सूचना गाळ उपसण्याची. ती योग्य आहे, आणि अलीकडच्या वर्षांत लोकांच्या सहभागानें व शासनाच्या साहाय्यानें तसें काम झालेंही आहे. पात्र मोकळें झालें म्हणजे पुराचा जोर कांहीं अंशीं कमी होतो, यांत शंका नाहीं. परंतु उपसलेला गाळ कांठावरच रचिला तर पुढील पावसांत तो पुनः पात्रांत येतो. आणि कांठावरचा दूर नेला तरी डोंगरावरचा राहतोच. ज्या उतारांवरून माती आली ते उतार आजही उघडे पडत आहेत. पूर्वी कुऱ्हाड होती, आतां यंत्रें आहेत. पूर्वी सरपण होतें, आतां चिऱ्याच्या खाणी आहेत आणि नवे रस्ते आहेत. कोंकणांतील बहुतेक रानें खाजगी मालकीचीं. झाड तोडणाऱ्यास तात्काळ पैसा मिळतो, आणि तें राखणाऱ्यास कांहींच मिळत नाहीं. हा व्यवहार जोंवर असाच आहे तोंवर नदी आपला गाळ आणीतच राहणार.

म्हणून मला असें वाटतें कीं राजापूरच्या पेठेचा हिशेब पेठेच्या वहींत पुरा होत नाहीं. त्याचें एक पान वर, अर्जुना-कोदवलीच्या उगमाकडील गांवांत आहे. तेथील शेतकऱ्यानें झाड राखलें, उतारावर बांध घातला, ओढ्याचें पाणी अडविलें, तर त्याचा लाभ तीस-चाळीस किलोमीटर खालीं असलेल्या दुकानदारास होतो. मग त्या लाभाचा कांहीं वांटा वर जाणें न्यायाचें नाहीं काय? दर पुरानें होणारें नुकसान, शासनास द्यावी लागणारी मदत, आणि पुनः पुनः गाळ काढण्याचा खर्च यांची बेरीज एकदां मांडावी. तिच्यांतला एक भाग डोंगर झांकण्यासाठीं, म्हणजे झाड राखणाऱ्यास मोबदला देण्यासाठीं लाविला तर तो दान ठरणार नाहीं. तो पेठेच्या संरक्षणाचाच खर्च ठरेल. जुन्या काळीं व्यापारी घाटवाटेची डागडुजी करीत, पाणपोया घालीत, तळीं खोदीत. माल सुरक्षित यावा तर वाट सुरक्षित पाहिजे, हें त्यांस कळत होतें. आतां वाट म्हणजे नदी, आणि नदीची डागडुजी डोंगरावर करावी लागते.

तोंवर जें खालीं करतां येण्यासारखें आहे तें करावें. नदीच्या पात्रांत नवें बांधकाम होऊं देऊं नये. पेठेंत जें नवें दुकान उठेल त्याचा माल ठेवण्याचा मजला पुराच्या रेषेवर असावा. जुन्या बांधणींत माळा होता तो उगीच नव्हता. भरतीच्या वेळा आणि घाटावरचा पाऊस यांचा मेळ घालून वेळेवर इशारा मिळावा, म्हणजे टोपलीवाल्यासही आपली टोपली उचलण्यास सवड मिळेल.

तीनशें-साडेतीनशें वर्षांत या पेठेनें तोफा पाहिल्या, लूट पाहिली, राज्यें बदललेलीं पाहिलीं, गलबतें परतलेलीं पाहिलीं आणि व्यापार वळलेला पाहिला. या सर्वांतून ती तगली, कारण प्रत्येक वेळीं तिला धंदा बदलतां आला. गाळापुढें मात्र केवळ धंदा बदलून भागणार नाहीं. दुकानदार कितीही हुशार असला तरी त्याला डोंगरावर झाड लावतां येत नाहीं. तें डोंगरावरच्या माणसाच्या हातीं आहे. पूर्वी वरचा माणूस आणि खालचा माणूस मिठासाठीं आणि धान्यासाठीं एकमेकांस बांधलेले होते. तें नातें रस्त्यांनीं आणि आगगाडीनें सैल केलें. तें आतां मातीसाठीं आणि पाण्यासाठीं पुनः बांधावें लागेल. हें घडलें तर पाऊस लागल्यावर राजापूरचा दुकानदार माल माळ्यावर चढविण्याऐवजीं गिऱ्हाइकाची वाट पाहूं शकेल.